अ‍ॅव्हरेज पडलं, पण किती पडायला हवं होतं? ई-२० पेट्रोलचा हिशोब

कऱ्हाडच्या कोल्हापूर नाक्यावर असो, मिरजेच्या गॅरेजात असो की साताऱ्यात पोवई नाक्याच्या चहाच्या टपरीवर, गाडीचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं. "आधी अठरा द्यायची, आता पंधरावर आली. सगळा इथेनॉलचा प्रताप." त्यावर दुसरा म्हणतो, ही सगळी अफवा आहे, काही फरक पडत नाही.

दोघांचंही चुकतं. फरक पडतो, आणि तो कागदावर मांडून काढता येतो. त्याच हिशोबातून हेही कळतं की अठराचे पंधरा एकट्या इथेनॉलने होऊ शकत नाहीत.

ई-२० म्हणजे काय, आणि तुलना कशाशी करायची

ई-२० म्हणजे शंभर लिटरमध्ये ऐंशी लिटर पेट्रोल आणि वीस लिटर इथेनॉल. इथेनॉल हा मद्यार्कच. आपल्याकडे तो साखर कारखान्याच्या मळीपासून किंवा थेट उसाच्या रसापासून काढतात. देशात इतरत्र मका आणि तांदळापासूनही काढतात.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ई-२० येण्याआधी आपण शुद्ध पेट्रोल भरत नव्हतो. जून २०२२ मध्ये देशाने सरासरी दहा टक्के मिश्रण गाठलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोहोचलं. म्हणजे "आधीचं अ‍ॅव्हरेज" म्हणून जो आकडा तुमच्या डोक्यात आहे, तो बहुधा दहा टक्केवाल्या पेट्रोलचा. तुलना दहा आणि वीसची करायची, शून्य आणि वीसची नाही. अर्धी भांडणं इथेच मिटतात.

शेंगा आणि टरफलं

भुईमुगाच्या शंभर किलो शेंगा घाण्यावर नेल्या, तर तेल शंभर किलोचं निघत नाही. वजनात टरफलंही असतात. इथेनॉलचं तसंच आहे. त्याच्या वजनातला सुमारे ३५ टक्के भाग ऑक्सिजनचा असतो. ऑक्सिजन जळायला मदत करतो, पण स्वतः उष्णता देत नाही. पेट्रोल म्हणजे जवळपास निव्वळ कार्बन आणि हायड्रोजन, सोललेले दाणेच.

आकड्यात सांगायचं तर एक लिटर पेट्रोल जळल्यावर साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते आणि एक लिटर इथेनॉलमधून सुमारे २१. म्हणजे दोन-तृतीयांश. गाडी लिटरवर पळत नाही, उष्णतेवर पळते; पंपावरचं मीटर मात्र लिटर मोजतं. अ‍ॅव्हरेजची सगळी तक्रार या एका विसंगतीतून जन्मते.

आता मांडणी करू

दहा टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये सुमारे ३०.९ मेगाज्यूल असतात, वीस टक्क्यांच्या लिटरमध्ये सुमारे २९.८. फरक साडेतीन टक्क्यांचा. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर तूट पावणेसात टक्क्यांच्या आसपास जाते.

दहावाल्या पेट्रोलवर अठरा देणारी गाडी वीसवाल्यावर सुमारे १७.४ द्यायला हवी. पन्नास देणारी मोटरसायकल अठ्ठेचाळीसच्या थोडी वर. महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या त्या गाडीला जवळपास दोन लिटर पेट्रोल जास्त लागेल. लिटरला १०५ रुपये धरले तर दोनशेच्या आसपास रुपये. दोनशे रुपये म्हणजे काहीच नाही असं म्हणणाऱ्याने ते स्वतःच्या खिशातून द्यावेत. पण तीन किलोमीटरची घसरण यातून निघत नाही, हेही तितकंच खरं.

सरकारी आकडेही याच पट्ट्यात येतात. इथेनॉल मिश्रणाचा २०२१ चा आराखडा सांगतो की शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांवर ट्यून केलेल्या चारचाकीत ई-२० मुळे सहा-सात टक्के घट येऊ शकते, तशाच दुचाकीत तीन-चार टक्के, आणि दहा टक्क्यांसाठी बनवून वीसवर ट्यून केलेल्या चारचाकीत एक-दोन टक्के. तुमची गाडी यात कुठे बसते हे वयावरून कळतं. एप्रिल २०२३ पासून गाड्यांचे रबर, प्लास्टिक आणि धातूचे भाग ई-२० ला टिकतील असे आले. एप्रिल २०२५ पासून इंजिनही त्यासाठी ट्यून केलेलं येतं. टाकीच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो, मॅन्युअलमध्ये ओळ असते. आधी ती पाहा.

इंजिनाला कळतं कसं?

पेट्रोल नीट जळायला हवा ठराविक प्रमाणात लागते. एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा. इथेनॉलने आपला ऑक्सिजन सोबतच आणलेला असल्याने त्याला नऊ किलो पुरते. दहा टक्के मिश्रणाला १४.१ च्या आसपास, वीसला साडेतेरा. हवा तेवढीच राहिली तर पेट्रोल चारेक टक्के जास्त सोडावं लागतं.

इंजेक्शनवाल्या गाडीत, म्हणजे सगळ्या आधुनिक कार आणि २०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींत, हे काम आपोआप होतं. सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो. जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन उरला की तो इंजिनाच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीयूला कळवतो, आणि ईसीयू इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो. हे म्हणजे आमटीची चव पाहून मीठ टाकणं. चव पाहणारा ठीक असेल तर गडबड होत नाही.

ईसीयू किती मीठ वाढवतोय हे स्कॅनर लावून पाहता येतं. मेकॅनिकला "लाँग टर्म फ्युएल ट्रिम" दाखवायला सांगा. दहा टक्क्यांवर ट्यून केलेल्या निरोगी गाडीत ई-२० मुळे हा आकडा चार-पाच टक्क्यांनी वर गेलेला दिसेल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तो दहाच्या पलीकडे गेला तर दुखणं दुसरं आहे: कुठेतरी जादा हवा आत ओढली जातेय, फ्युएल पंपाचा दाब कमी आहे, फिल्टर किंवा इंजेक्टर चोंदलेत. अशा गाडीचा आकडा आधीच सात-आठवर असतो. त्यात ई-२० ची चाराची भर पडली की तो दहाच्या पलीकडे जातो आणि दोष इथेनॉलच्या पदरात पडतो. इथेनॉलने दुखणं आणलं नाही, उघडं पाडलं.

कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाडीत चव पाहणारा कुणीच नाही. जेटचं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीचं भोक ठरलेलं, पेट्रोल तेवढंच जाणार. मग मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. याची लक्षणं ठरलेली आहेत. थंड इंजिन पटकन सुरू होत नाही, ॲक्सिलरेटर पिळला की क्षणभर दम खातं, थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमध्ये फटफट होते, प्लग काढून पाहिला तर टोक पांढरट दिसतं. गंमत म्हणजे अशा गाडीचं अ‍ॅव्हरेज कधी कधी हिशोबाएवढंही घसरत नाही, कारण तिने जादा पेट्रोल घेतलेलंच नसतं. तिची ताकद कमी होते. उपाय गॅरेजात आहे: हवा-पेट्रोलचा स्क्रू मिश्रण थोडं दाट होईल असा फिरवणं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर मेन जेट एक नंबर मोठा बसवणं.

"ऑक्टेन वाढलाय ना? मग अ‍ॅव्हरेज वाढायला हवं!"

हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. ऑक्टेन म्हणजे इंधनाची दाब सहन करण्याची ताकद; ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधीच ते आपोआप भडकू नये, इंजिन खडखडू नये, यासाठीचं माप. आपलं साधं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं होतं, ई-२० ला किमान ९५ लागतो. इथेनॉल स्वतः १०८ च्या आसपास.

पण ऑक्टेन म्हणजे उष्णता नव्हे. पैलवानाची सहनशक्ती वाढली म्हणून त्याच्या ताटातली भाकरी वाढत नाही. इंजिनाचा दाब वाढवला किंवा ठिणगीची वेळ पुढे आणली, तरच त्या ऑक्टेनचा उपयोग होतो. ई-२० साठी ट्यून केलेल्या गाड्यांत ते करता येतं, म्हणून तिथली घट एक-दोन टक्क्यांवर येते. जुन्या इंजिनात दाब ठरलेला असतो. ही खडखड ओळखणारा नॉक सेन्सर असेल तर भर घाटात थोडा लाभ होईल, सपाट रस्त्यावर जवळपास काही नाही.

"ते काही असो, माझं वीस टक्के पडलंय"

मग सोळा टक्के दुसरीकडून आलेत. ते कुठून, हे शोधण्यातच खरा फायदा आहे.

आपल्या भागात पहिला संशयित गळीत हंगाम. नोव्हेंबरपासून कऱ्हाड-तासगाव, इस्लामपूर-सांगली असल्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या असतात. त्यांच्या मागे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रखडायचं, मग जोर लावून ओव्हरटेक करायचं. याने होणारी घट ई-२० च्या घटीपेक्षा सहज मोठी असते. (उसाचं इथेनॉल टाकीत आणि ऊस रस्त्यात, दोन्हीकडून तोच!)

दुसरा घाट. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर उचलली जाते. माणसांसह तेराशे किलोची गाडी असेल, तर नुसत्या त्या उचलण्याला पाऊण ते एक लिटर पेट्रोल लागतं. उतरताना त्यातलं थोडंच परत मिळतं, बाकी ब्रेकमध्ये तापून जातं. एका महाबळेश्वर सहलीवरून अ‍ॅव्हरेज ठरवणं म्हणजे दिवाळीच्या आठवड्यावरून घरखर्च ठरवणं.

तिसरा वेग. महामार्ग चांगला झाला, ऐंशीची गाडी शंभरने जाऊ लागली. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे दीडपटीहून जास्त. सांगलीच्या एप्रिल-मे मधला एसी गावातल्या छोट्या फेऱ्यांत दहा टक्क्यांपर्यंतही खाऊ शकतो. टायरमध्ये ३३ हवी तिथे २५ असेल तर आणखी एक-दोन टक्के. शिवाय चिकटलेले ब्रेक: दहा किलोमीटर चालवून थांबल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न लावता नेऊन पाहा. एकच चाक जास्त तापलं असेल तर चोर सापडला.

एअर फिल्टरचं मात्र उगाच नाव घेतलं जातं. इंजेक्शनवाल्या गाडीत तो चोंदला तर जोर कमी होतो, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही.

मोजायचं कसं

डॅशबोर्डवरचा आकडा हा कंपनीने बसवलेला अंदाज असतो. तो काही टक्क्यांनी पुढेमागे असू शकतो, आणि आपण शोधतोय तो फरकच मुळी साडेतीन टक्क्यांचा आहे. त्यामुळे टाकी भरून मोजणं एवढाच मार्ग उरतो.

टाकी भरताना नॉझल आपोआप पहिल्यांदा बंद झाला की थांबायचं. "राउंड फिगर करतो" म्हणून पंपावरचा पोरगा आणखी थोडं टाकू लागला की त्याला थांबवायचं. मोजणी तिथेच बिघडते. ट्रिप मीटर शून्य करायचा. नेहमीसारखी गाडी चालवून टाकी पाव उरली की त्याच पंपावर, त्याच नॉझलवर, शक्यतो सकाळच्या त्याच सुमारास पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत भरायची. किलोमीटर भागिले या वेळी गेलेले लिटर.

पण एका टाकीवर निकाल देऊ नका. गाडी किंचित तिरकी उभी असेल तरी कटऑफ अर्धा-एक लिटर मागेपुढे होतो. तीस लिटरच्या भरण्यात एक लिटर म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त, म्हणजे मोजायच्या फरकाएवढीच चूक! पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकून मोजणाऱ्याच्या हाती तर काहीच लागत नाही. सलग किमान तीन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून भागाकार करा. कोपऱ्यात तारीख आणि एसी किती वापरला हे लिहून ठेवलं तर उत्तम.

पाणी, रबर आणि उभी राहिलेली गाडी

अ‍ॅव्हरेजपेक्षा जास्त काळजी करण्याजोगा भाग हा आहे, आणि त्याची चर्चा कमी होते.

इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी ते स्वतःत विरघळवून इंजिनातून बाहेर काढतं, तोवर ठीक. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतात आणि टाकीच्या तळाशी जाऊन बसतात. थंडीत ही मर्यादा आणखी खाली येते. फ्युएल पंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्याच पाण्याचा मिळतो. गाडी धक्के खाते आणि बंद पडते. वरचं उरलेलं पेट्रोलही मग ऑक्टेन गमावलेलं असतं. ढवळून किंवा नवीन पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. टाकी उतरवून रिकामी करावी लागते.

रोज चालणाऱ्या गाडीला हा धोका जवळपास नाही. तो आहे महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीला, पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर झाकून ठेवलेल्या बाईकला, आणि पुरानंतरच्या पेट्रोलला. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात सांगलीचा मोठा भाग पाण्याखाली होता. अशा वेळी नदीकाठचा पंप पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी टाकी फुल्ल करू नये. पंपावर जमिनीखालच्या टाकीत काठी बुडवून पाण्याची तपासणी करतात, काठीला पाणी लागलं की रंग बदलणारी पेस्ट लावतात. इथेनॉल मिश्रणासाठी त्यालाच चालणारी वेगळी पेस्ट लागते, साधीला फुटलेला थर नीट दिसत नाही. विचारायला हरकत नसते.

दुसरं, जुनं रबर. इथेनॉलने काही प्रकारचं रबर फुगतं, मग वाळल्यावर तडकतं. जुन्या बाईकमध्ये सगळ्यात आधी जातात ते टाकीखालचा पेट्रोल पाइप आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट नीडलचं, म्हणजे आत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या सुईचं रबरी टोक. नीडल नीट बसली नाही की पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, आणि तेव्हा अ‍ॅव्हरेज खरोखर धाडकन पडतं. पाइपला बोटाने दाबून पाहा, चिकट किंवा कडक लागला तर इथेनॉलला चालणारा नवा टाका. जुन्या लोखंडी टाकीतला साचलेला गाळ इथेनॉल सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून अशा गाडीचा फिल्टर एकदा लवकर बदलणं शहाणपणाचं. कार्ब्युरेटरवाली गाडी महिनाभर उभी करायची असेल तर पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे फ्लोट चेंबर रिकामा होतो.

"वीसच्या नावाखाली तीस टक्के घालत असतील तर?"

हे घरी तपासता येतं. झाकण लागणारा शंभर मिलीचा काचेचा मेजरिंग सिलिंडर घ्या. आधी बरोबर १० मिली पाणी, मग वर १०० च्या रेषेपर्यंत पेट्रोल. झाकण लावून मिनिटभर हलवा, मध्येमध्ये वाफ सोडा, मग दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. ई-२० असेल तर तो २७-२८ पर्यंत येईल, दहा टक्के असेल तर १९ च्या आसपास. ३५ ला पोहोचला तर तक्रार करायला जागा आहे. हे अंगणात, चूल-विडीपासून लांब करायचं, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतायचं नाही.

मग ते स्वस्त का नाही?

हा प्रश्न रास्त आहे. ऊर्जा कमी मिळत असेल तर दर कमी हवा, इतकं साधं त्याचं तर्कशास्त्र. अडचण अशी की इथेनॉल स्वस्त नाही. २०२४-२५ च्या हंगामात तेल कंपन्यांचा खरेदी दर उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये, बी-हेवी मळीच्या (जिच्यात साखर थोडी शिल्लक ठेवतात त्या मळीच्या) इथेनॉलला ६०.७३ आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये होता. एक लिटर पेट्रोलएवढी उष्णता मिळवायला दीड लिटर इथेनॉल लागतं. म्हणजे रसाच्या इथेनॉलचा खरा भाव कर आणि वाहतूक धरण्याआधीच अठ्ठ्याण्णव रुपयांवर जातो. आयात कमी होते, कारखान्याच्या हाती पैसा लवकर येतो, हे फायदे खरे आहेत. पण त्यासाठीची साडेतीन टक्क्यांची वर्गणी गाडीवाला भरतो, आणि पंपावरच्या पावतीत ती कुठे दिसत नाही. ती दिसायला हवी, असं आमचं मत.

उसाचंच माप लावायचं तर महिन्याला हजार किलोमीटर चालणारी ती गाडी वर्षाला सुमारे १३८ लिटर इथेनॉल पिते. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर निघतं. एकरी चाळीस टनांचा उतारा धरला तर झाला दोन गुंठ्यांचा ऊस. तो आपल्याच शिवारातला असेल असं मात्र नाही. २०२४-२५ मध्ये देशातल्या इथेनॉलमध्ये मक्याचा वाटा उसापेक्षा मोठा होता.

महागडं पेट्रोल घेतलं तर सुटका होईल?

९५ ऑक्टेनचं "प्रीमियम" घेऊन इथेनॉल टळत नाही, तेही मिश्रितच असतं. शंभर ऑक्टेनचं पेट्रोल २०२५ मध्ये लिटरला १६० रुपयांच्या घरात होतं. त्यात इथेनॉल अजिबात नाही असं धरलं तरी दीडपट पैसे मोजून अ‍ॅव्हरेज वाढणार सातेक टक्के. रोजच्या गाडीसाठी हा सौदा कोणत्याच गणितात बसत नाही. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या राहणाऱ्या जुन्या राजदूत मोटरसायकलसाठी कुणी दोन लिटर घेतलं, तर ते समजण्यासारखं आहे.